केर्न्सहून अ‍ॅथर्टन टेबललँडचे धबधबे, स्वतः गाडी चालवत: मार्ग, घाट, पाणी आणि पाऊस

घाटवळण (धागाकर्ता)
ऑस्ट्रेलियात येणारे आपले लोक केर्न्सला उतरतात ते बहुतेक ग्रेट बॅरिअर रीफसाठी. रीफचा एक दिवस झाला की उरलेल्या दिवसांत काय, असा प्रश्न इथे वारंवार येतो, म्हणून वेगळा धागा काढतोय.

केर्न्सच्या मागे पश्चिमेला जी डोंगरांची भिंत दिसते तिच्या माथ्यावर अ‍ॅथर्टन टेबललँड आहे. उंची साधारण ७०० ते ९०० मीटर. लाल माती, दुभत्या गायींची कुरणं आणि अधूनमधून शिल्लक राहिलेलं घनदाट वर्षावन. यातलं बरंचसं जंगल १९८८ पासून 'वेट ट्रॉपिक्स' या नावाने जागतिक वारसा यादीत आहे. खालचा दगड बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच भाऊबंद, फक्त दख्खनच्या लाव्ह्याच्या मानाने फारच तरुण. लाव्ह्याचा थर जिथे संपतो तिथे ओढा खाली पडतो आणि धबधबा होतो. मिला मिला धबधब्याच्या पडद्यामागे बेसॉल्टचे खांब स्पष्ट दिसतात; अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्यांना लगेच ओळख पटेल.

वर जायचे रस्ते:
१. गिलीज रेंज: केर्न्सच्या दक्षिणेला गॉर्डनव्हेलहून यंगाबराकडे. १९ किमीत २६३ वळणं आणि सुमारे ८०० मीटर चढ.
२. कुरंडा रेंज: केर्न्सच्या उत्तरेला स्मिथफील्डहून. अंतर कमी, वर्दळ जास्त.
३. पामर्स्टन हायवे: इनिसफेलहून मिला मिला. सगळ्यात सौम्य, पण सगळ्यात ओला.
(मॉसमनहून वर येणारा रेक्स रेंजही आहे, पण तो पोर्ट डग्लसला मुक्काम असणाऱ्यांसाठी.)

माझा सल्ला: गिलीजने चढा, पामर्स्टनने उतरा. टेबललँडवर किमान एक रात्र काढा. किनाऱ्याकडच्या जागा (जोसेफिन धबधबा, बॅबिंडाचे डोह) वेगळ्या दिवशी करा. असं का, ते खाली चर्चेत येईलच.

मुख्य फेरा मिला मिला गावाजवळ, १७ किमीचा. गावातून पामर्स्टन हायवेने पूर्वेला निघालं की थोड्याच अंतरावर डावीकडे थेरेसा क्रीक रोड लागतो. त्यावर आधी मिला मिला (१८ मीटर, गोल डोह, पोहता येतं, स्वच्छतागृह आहे), मग झिली, मग एलिंजा. तिथून पुढे रस्ता मलांडा-मिला मिला रस्त्याला मिळतो. सगळा डांबरी आहे, छोटी गाडी चालते.

पाहुणी_नागपूरची
छान धागा. आम्ही जुलैत येतोय, सोबत सासूबाई-सासरे (दोघांचेही गुडघे कुरकुरतात) आणि पाच वर्षांची मुलगी. भारतीय लायसन्स चालेल का? आणि यातलं काय काय आईबाबांना दाखवता येईल?

चाकं_चार
लायसन्सचं सांगतो. क्वीन्सलँडमध्ये पाहुणा म्हणून आलेल्याला मूळ देशाच्या वैध लायसन्सवर गाडी चालवता येते. लायसन्स इंग्रजीत असलं की भाषांतर लागत नाही. महाराष्ट्राचं स्मार्ट कार्ड चालतं. मूळ कार्ड जवळ हवं, मोबाइलमधला फोटो नको. इंटरनॅशनल परमिट आरटीओतून काढून आणलंत तर उत्तम, काही भाडे-कंपन्या मागतात. पण नुसतं परमिट, मूळ लायसन्सशिवाय, इथे कागदाचा कपटा आहे. कायम निवासी झालेल्यांना मात्र तीनच महिन्यांची मुभा असते.

मुलीसाठी बूस्टर सीट सक्तीची. इथे ७ वर्षं पूर्ण होईपर्यंत वयानुसार आसन लागतं. गाडी बुक करतानाच मागा, विमानतळावर ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका. सीटबेल्ट नसणं आणि हातात फोन असणं, दोन्हीसाठी दंड हजार डॉलरहून जास्त आहे आणि तो कॅमेरे पकडतात. शेजारच्या सीटवर पाय वर घेऊन, पट्टा काखेखालून घालून बसलेला माणूसही त्यात येतो, आणि दंड चालकालाही बसतो. आपल्याकडच्या सवयीने मागच्या सीटवर बेल्ट न लावणाऱ्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवा.

गाडी डावीकडूनच चालवायची असल्यामुळे ते सोपं. अडतं ते राउंडअबाउटला. उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, हॉर्न वाजवून शिरायचं नाही. टोल नाहीत.

घाटवळण
नागपूरकर ताई, गुडघ्यांच्या हिशेबाने सांगतो:

मिला मिला: गाडीतळापासून जवळजवळ सपाट, डोह समोरच. सगळ्यांना जमेल.
झिली: वरून बघायचा. रस्त्यालगत गाडी लावून चार पावलांवर कठडा. शेजारून खाली डोहाकडे उतरणारी एक वाट दिसेल, ती घेऊ नका. मुळं, चिखल आणि शेवाळ.
एलिंजा: थोडा उतार आणि पायऱ्या आहेत. सावकाश, कठड्याला धरून. जमलं नाही तर सोडा.
मलांडा: गावातच, अगदी बुटका धबधबा, खाली काँक्रीटने बांधून काढलेला डोह. आजी-आजोबा बाकावर, नात पाण्यात. इथल्या झाडांवर लुम्होल्ट्झचा वृक्ष-कांगारू दिसू शकतो, तेव्हा मान वर ठेवा.
डिनर फॉल्स आणि हिपिपामी विवर: अ‍ॅथर्टनहून दक्षिणेला सुमारे २५ किमी. विवरापर्यंत ४०० मीटरची चांगली पायवाट. खाली बघितलं की ५८ मीटर खाली हिरवं, शेवाळलेलं पाणी. ज्वालामुखीचा वायू खडक फोडून वर आला, त्याचं हे भोक. डिनर फॉल्सची वाट तिथूनच, पण चढ-उताराची.

चाकं_चार
धागाकर्त्याशी एका बाबतीत असहमत. गिलीजने वर, मिला मिलाचा फेरा, पामर्स्टनने खाली, जोसेफिन, परत केर्न्स: एकूण २६० किमीच्या आसपास. एका दिवसात आरामात होतं. टेबललँडवर मुक्कामाचा खर्च कशाला?

घाटवळण
कागदावर होतं. हिशेब मांडू. घाट आणि वळणं धरून २६० किमीला साडेचार तास. मलांडा अर्धा तास, तीन धबधब्यांचा फेरा अडीच तास, वाटेत मामू स्कायवॉक (जंगलातला उंचावरचा पदपथ) दीड तास, जोसेफिन जाऊन-येऊन दीड तास, जेवण-चहा एक तास. बेरीज साडेअकरा तास. जुलैत इथे उजेड सव्वाअकरा तासांचा. पावणेसातच्या सुमारास उजाडतं, सहाला सूर्य मावळतो आणि साडेसहाच्या आत मिट्ट काळोख. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश लांबत नाही.

म्हणजे जोसेफिनला तुम्ही पोचणार उजेड जाताना, आणि नंतर उसाच्या शेतांमधून अंधारात केर्न्स. बऱ्याच भाडे-करारांत शहराबाहेर रात्री जनावराला धडक बसली तर विमा हात वर करतो, ते कलम वाचा. एकटा-दुकटा धडधाकट माणूस करेल हा फेरा. पाच वर्षांचं मूल आणि दोन ज्येष्ठ घेऊन नको.

चाकं_चार
मामू स्कायवॉक गाळा मग. पण ठीक, मुलांसोबत नको हे मान्य.

गिलीज चढायला का आणि उतरायला का नाही, ते सांगून टाकतो. हा रस्ता १९२६ चा, सुरुवातीला एकेरी होता. फाटकं लावून वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या गाड्यांच्या वेळा ठरवलेल्या असत. आता दुपदरी आहे, पण वळणांची आखणी तीच. उतरताना नवखा माणूस प्रत्येक वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवतो आणि दोन वळणांच्या मध्ये पाय काढतच नाही. दहा किमीत ब्रेक तापतात, करपल्याचा वास येतो, पेडल मऊ पडून खोल जायला लागतं. तिथे थांबायला जागाही मोजक्या. तरी उतरावंच लागलं तर ऑटोमॅटिक गाडीचा दांडा 'डी'वरून 'एल', 'एस' किंवा 'एम'वर आणा, इंजिनाला गाडी धरू द्या. वळणाआधी ब्रेक दाबा, वेग पाडा, सोडा. वास आलाच तर रुंद जागी थांबून पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका.

मागे दुधाचा टँकर किंवा गावकऱ्याची गाडी चिकटली तर घाबरून वेग वाढवू नका. स्लो व्हेइकल टर्नआउटची पाटी येते, तिथे डावीकडे घ्या, त्यांना जाऊ द्या. आणि गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या सीटवर बसावं. आल्याची वडी किंवा आवळा सुपारी घाटाच्या आधी, घाटात नव्हे.

शेवाळ
पाण्याबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. टेबललँडचे डोह आणि किनाऱ्याकडचे डोह यांची जात वेगळी आहे, एकाच यादीत ठेवू नका.

जोसेफिन धबधबा केर्न्सहून ७५ किमी दक्षिणेला, मिरिविनीहून आत. गाडीतळापासून ६०० मीटर चांगली वाट. त्याच्या माथ्यावर बार्टल फ्रिअर, क्वीन्सलँडचं सर्वांत उंच शिखर, १६०० मीटरहून जास्त. शेजारच्या बेलेंडन केरच्या माथ्यावर वर्षाला सरासरी ८,००० मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो. आपल्या आंबोलीला ७,००० च्या पुढे पडतो, पण तिथे तो चार महिन्यांत आटोपतो. इथे कोरड्या म्हणवणाऱ्या महिन्यांतही माथ्यावर सरी चालू असतात. डोंगर ग्रॅनाइटचा, ओढा आखूड आणि तीव्र उताराचा. त्यामुळे माथ्यावरची सर खालच्या डोहात फार लवकर पोचते, आणि तेव्हा खाली लख्ख ऊन असू शकतं.

खुणा अशा: काचेसारखं पाणी गढूळ किंवा चहाच्या रंगाचं व्हायला लागतं. पाण्यावर पानं, काटक्या, फेस वाहून येतो. आवाज चढतो. मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसतो. यातली एक जरी दिसली तरी टॉवेल, चपला न उचलता ज्या काठाने आलात त्याच काठाला चढा. पलीकडच्या काठावर अडकलात तर तिथेच उंचावर थांबा, ओलांडू नका. वरचा डोह बंद आहे, तिथे गेल्यास दंड होतो. लोक ज्या गुळगुळीत खडकावरून घसरगुंडी करतात, तो पाणी चढल्यावर हाडं मोडतो.

बॅबिंडा बोल्डर्स (केर्न्सहून ६० किमी, गावातून आत ६-७ किमी): वरचा, पोहण्यासाठी नेमलेला डोह सुंदर आहे, तिथे पोहा. खालच्या बाजूला डेव्हिल्स पूलकडे फक्त कठड्याच्या आतून बघा. मोठमोठ्या शिळांच्या खालून पाणी बोगद्यासारखं वाहतं. पडलेला माणूस शिळेखाली ओढला जातो आणि दोर टाकूनही उपयोग होत नाही. तिथे अनेक जीव गेलेत. पाट्या वाचा.

पाहुणी_नागपूरची
बापरे. आणि मगरी?

शेवाळ
खाऱ्या पाण्याची मगर किनारपट्टीच्या नद्यांत, खाड्यांत, खाजणांत. इनिसफेलला जॉनस्टन नदीच्या काठावर पाय बुडवत बसू नका, पुलाखाली गाडी धुवायला जाऊ नका. टेबललँडवरच्या मिला मिला, मलांडासारख्या ठिकाणी ती भीती नाही. सोपा नियम: पिवळी मगरीची पाटी दिसली की काठापासून पाच मीटर लांब. पाटी नसली तरी संथ, गढूळ, सखल पाण्यात उतरायचं नाही.

मगरीपेक्षा झाडाची काळजी जास्त घ्या. जिंपी-जिंपी नावाचं झुडूप वाटेच्या कडेला, जिथे झाड पडून ऊन आलंय तिथे उगवतं. कमरेइतकं, पानं तळहातापेक्षा मोठी, हृदयाच्या आकाराची, कडा करवतीसारख्या, बहुतेक पानांना किड्यांनी पाडलेली भोकं. लांबून मखमली दिसतात. ती मखमल म्हणजे काचेसारखे बारीक केस, कातडीत मोडून राहतात. आपली आग्या याच कुळातली, पण हिच्यापुढे ती गरीब. वेदना आठवडे, कधी महिने टिकते. थंड पाणी लागलं की पुन्हा जागी होते. लागली तर चोळू नका, खाजवू नका. केस काढायच्या मेणपट्ट्या औषधाच्या दुकानातून घेऊन पाठपिशवीत ठेवा. पट्टी दाबून लावायची, एका झटक्यात ओढायची, दोन-तीनदा. मग डॉक्टर.

दुसरा त्रास वेताचा. इथे त्याला 'वेट अ व्हाइल' म्हणतात. टोकाला आकडे असलेले धागे लोंबतात. अडकलात की पुढे ओढू नका, एक पाऊल मागे या, सुटतं.

जळवा पामर्स्टन बाजूला मुबलक. पायमोजे विजारीवर ओढा, बुटांवर कीटकरोधक फवारा. लागलीच तर नखाने बाजूला सरकवा.

कॅमेरा_ओला
छायाचित्रांसाठी: ढगाळ दिवस चांगला, कडक उन्हात पाणी पांढरं फटक येतं. मिला मिलाला दहाच्या आत पोचा, नंतर बसगाड्या येतात. पोलरायझर फिल्टर लावाच, ओल्या पानांवरची चकाकी जाते आणि हिरवा रंग खुलतो. शटर पाव ते एक सेकंद. त्याहून लांब ठेवलंत तर पाण्याचा पोत जाऊन नुसता कापूस उरतो. तिवई हवी. तुषार भिंगावर बसतात, म्हणून सुती रुमाल दोन, एक ओला झाला की दुसरा.

बॅरन फॉल्सबद्दल एक. कुरंडाजवळचा हा धबधबा पोस्टरवर गर्जताना दिसतो आणि कोरड्या मोसमात जाणारे हिरमुसतात. धबधब्याच्या वर बंधारा आहे आणि पाणी १९६३ साली सुरू झालेल्या जलविद्युत केंद्राकडे वळवलं जातं. जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या खडकावर दोन-चार रेघा दिसतील. खरा बॅरन बघायचा तर जानेवारी ते मार्च. प्रेक्षा-कठड्यापर्यंत कुरंडाहून गाडीने जाता येतं, पैसे लागत नाहीत.

डबेवाली
खाण्याचं: अ‍ॅथर्टनला मोठी सुपरमार्केट आहेत, तिथेच भरून घ्या. छोट्या गावांतली उपाहारगृहं दुपारी दोन-तीनला स्वयंपाकघर बंद करतात, संध्याकाळी शुकशुकाट. शाकाहारी मंडळींना टोस्टी, चिप्स, स्कोन यापलीकडे फार मिळत नाही. गोठवलेल्या पोळ्या, दही, काकडी, चटणीची बाटली असं जवळ ठेवा. लेक ईचमसारख्या ठिकाणी सार्वजनिक विजेच्या शेगड्या असतात, बटण दाबलं की तवा तापतो. त्यावर पराठे झकास होतात. फक्त आधी फॉइल अंथरा, कारण तुमच्या आधी कोणीतरी सॉसेज भाजलेलं असतं. झाल्यावर पुसून ठेवा.

भारतातून येताना मसाले, मिठाई, लोणचं जे काही असेल ते विमानतळावरच्या कार्डावर लिहा. लिहिलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्याला दंड.

टेबललँडवर जुलैत रात्री स्वेटर लागतो. 'ट्रॉपिकल' ऐकून नुसते सुती कपडे आणू नका.

वाट_बघ
वॉलमन फॉल्सचं कोणीच नाव घेतलं नाही. २६८ मीटर एका उडीत, ऑस्ट्रेलियातला सर्वांत उंच बारमाही एकउडी धबधबा. त्यापुढे बाकीचे न्हाणीघरातले नळ.

घाटवळण
तो या फेऱ्यात बसत नाही. केर्न्सहून इंगहॅम सव्वादोनशे किमीच्या पुढे, तिथून ५१ किमी आत. सपाटीवर गुरं रस्त्यावर मोकळी, मग अरुंद, चढाचा घाट. कॅम्परव्हॅन-कॅरव्हॅन नेऊ नका. वरून कठड्यावरून दिसतो तोच बहुतेकांना पुरेसा. तळाशी जायची वाट जाऊन-येऊन ३ किमीच्या थोडी वर, पण परतीचा सगळा चढ. टाउन्सव्हिलला उतरणार असाल तर जरूर.

त्याऐवजी धडधाकट मंडळींनी पामर्स्टन हायवेवर नान्ड्रोया करावा. हेन्रिएटा क्रीक कॅम्पसाइटपासून साडेसहा-सात किमीचा फेरा, ५० मीटरची सरळ धार, गर्दी नाही. तीन तास आणि जळवांची तयारी ठेवा. कमी चालायचं तर त्याच हायवेवरचा चुपाला.

पाहुणी_नागपूरची
गाडी कुठली घेऊ? चार चाकं चालणारी एसयूव्ही लागेल का?

चाकं_चार
अजिबात नाही. या धाग्यातल्या मुख्य जागांना डांबरी रस्ता जातो. पाच माणसं आणि सामान, तेव्हा मध्यम एसयूव्ही, पण टू-व्हील ड्राइव्ह पुरे. हॅचबॅकमध्ये पाचजण भरले की गिलीजवर इंजिन रडतं.

ताब्यात घेताना: सुटं चाक आहे की नुसता हवा भरायचा किट, ते डिकी उघडून पाहा. टायरच्या खोबणी, काच आणि छपराचा व्हिडिओ काढा. करारात कच्चा रस्ता, पाण्यातून गाडी घालणं, गाडीचा तळ आणि छप्पर यांचं नुकसान बहुधा विम्याबाहेर असतं. एक्सेस (नुकसान झालं तर आपल्या खिशातून भरायची रक्कम) किती, ते विचारा. मलांडा किंवा अ‍ॅथर्टनला टाकी भरून मगच पामर्स्टनला लागा. मिला मिला ते इनिसफेल ६० किमी आहे आणि मध्ये पंपाचा भरवसा धरू नका. गाडीतळावर सीटवर पिशव्या ठेवू नका, काचा फुटतात.

शेवाळ
निघायच्या सकाळी तीन गोष्टी बघा. क्यूएलडी-ट्रॅफिकचं संकेतस्थळ किंवा १३ १९ ४० वर रस्ते. डिसेंबर २०२३ च्या जॅस्पर चक्रीवादळात कुरंडा रेंज दरडींनी बंद पडला होता, त्यानंतर दुरुस्तीसाठीही रस्ते अधूनमधून अडवले गेले. दुसरं, क्वीन्सलँड पार्क्सचे अलर्ट, कुठली वाट बंद ते कळतं. तिसरं, हवामान खात्याचं केर्न्स रडार. बार्टल फ्रिअरवर निळा-हिरवा ठिपका असेल तर जोसेफिन त्या दिवशी कोरड्या पायांनी बघा. रस्त्यावर पाणी वाहत असेल, तर ते किती खोल आहे हे गाडी घालून शोधू नका, मागे फिरा.

फोनची रेंज पामर्स्टनवर जाते. नकाशे आधी उतरवून ठेवा. आणीबाणीला ०००. 'इमर्जन्सी प्लस' अ‍ॅप टाकून ठेवा, त्यात तुमची नेमकी जागा दिसते, ती वाचून सांगता येते.

आणि कॅसोवरी. हिपिपामीच्या गाडीतळावरही येतो. माणसाच्या उंचीचा पक्षी, निळी मान, पायाला सुरीसारखं नख. खायला द्यायचं नाही, फोटोसाठी पुढे जायचं नाही. समोर आला तर पळू नका, पाठपिशवी पुढे धरून सावकाश मागे सरका, मुलीला मागे घ्या. पिल्लं सोबत असतील तर तो बाबा असतो आणि जास्त तापट असतो.

पाहुणी_नागपूरची
मग असं ठरवते: पहिला दिवस गिलीज, लेक ईचमला जेवण, मलांडा, यंगाबराला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी मिला मिला-झिली-एलिंजा, पामर्स्टनने इनिसफेल, केर्न्स. तिसऱ्या दिवशी रडार बघून जोसेफिन-बॅबिंडा. चालेल?

घाटवळण
चालेल. दोन बदल. यंगाबराला पोचल्यावर संध्याकाळी पीटरसन क्रीकच्या काठी प्लॅटिपस (बदकासारख्या चोचीचा सस्तन प्राणी) बघा. उजेड जायच्या आधी अर्धा तास, गप्प उभं राहायचं, बुडबुड्यांची रांग दिसली की तिच्या पुढे नजर ठेवायची. आणि दुसऱ्या दिवशी मामू स्कायवॉकला आईबाबांना ३७ मीटरचा मनोरा चढायला लावू नका, त्याआधीच्या उंचावरच्या पदपथापर्यंतच पुरे. तिकीट आहे, शेवटचा प्रवेश दुपारीच संपतो, तेव्हा वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा.